वाचकांचे प्रश्न : चार जणांसमोर उभे राहताना

आठवड्यातून एका संध्याकाळी एकत्र जमून सभेत बोलण्याचा सराव करणाऱ्या मंडळांविषयी, म्हणजे बहुतेक वाचकांना ठाऊक असलेल्या नावाने सांगायचे तर टोस्टमास्टर्स क्लबांविषयी, या सदराकडे बरीच पत्रे आली. त्यांतील पाच पत्रे येथे घेतली आहेत. उत्तरे देणारी मी पुण्यातील अशाच एका क्लबची अकरा वर्षांपासून सभासद आहे.

प्रश्न : मी मूळचा सांगलीचा असून पुण्यात एका कारखान्याच्या कार्यालयात लेखापाल आहे. दर तिमाहीला वरिष्ठांसमोर जमाखर्चाचे आकडे मांडावे लागतात. कागदावर सारे चोख असते, परंतु उभा राहिलो की घशाला कोरड पडते, हातातला कागद थरथरतो आणि पाठ असलेले आकडेही आठवत नाहीत. एका सहकाऱ्याने येत्या गुरुवारी त्यांच्या क्लबच्या सभेला पाहुणा म्हणून बोलावले आहे. तेथे नेमके काय चालते? मला बळेच बोलायला उभे करतील का?

उत्तर : आधी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देते, कारण तुमचे पाऊल त्यासाठीच अडले असावे. तुम्हाला कोणीही बळेच उभे करणार नाही. सभेच्या अखेरीस पाहुण्यांना ‘आजची सभा कशी वाटली?’ असे विचारण्याची पद्धत आहे आणि त्या वेळी जागेवरूनच ‘ऐकायला आलो होतो, धन्यवाद’ एवढे म्हणून बसले तरी चालते. तुम्हाला तेवढेही बोलायचे नसेल, तर दारात स्वागत करणाऱ्या सभासदाला आल्याआल्याच तसे सांगून ठेवा.

आता त्या संध्याकाळच्या सभेविषयी. सभा ठरलेल्या मिनिटाला सुरू होते, ही पहिली गोष्ट तुमच्या लक्षात येईल. अध्यक्ष दोन-तीन वाक्ये बोलून सूत्रे त्या दिवसाच्या सूत्रसंचालकाकडे देतात. या सूत्रसंचालकालाच टोस्टमास्टर म्हणतात. जुन्या काळी मेजवानीच्या प्रसंगी एकेका वक्त्याला बोलण्यासाठी पाचारण करणाऱ्या माणसाचे हे नाव, पुढे साऱ्या संस्थेचेच झाले. राल्फ स्मेडली नावाच्या गृहस्थांनी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ब्लूमिंग्टन येथे वायएमसीए संस्थेत काम करताना १९०५ मध्ये तरुणांसाठी असा सरावगट प्रथम सुरू केला. आज ज्या क्लबपासून संस्थेची स्थापना मोजली जाते, तो मात्र कॅलिफोर्नियातील सांता आना येथे २२ ऑक्टोबर १९२४ रोजी भरला. तेथे जमणारे लोक काही नामांकित वक्ते नव्हते. नोकरीधंद्यात चार माणसांसमोर बोलण्याची वेळ आली की अडखळणारे साधे तरुण होते. तुमच्या पत्रातील अडचणीसाठीच ही सारी रचना शंभर वर्षांपूर्वी उभी राहिली, हे जाताना मनात असू द्या.

सूत्रसंचालकानंतर निरनिराळी कामे वाटून घेतलेले सभासद एकेक मिनिट उभे राहून आपले काम समजावून सांगतात. एक जण वेळ मोजतो. एक जण ‘अं’, ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’ अशा उगाच येणाऱ्या शब्दांची नोंद ठेवतो. एक जण भाषेकडे लक्ष देतो आणि त्या दिवसासाठी एक शब्द देतो, जो सर्वांनी आपल्या बोलण्यात वापरून पाहायचा असतो. गेल्या महिन्यात आमच्याकडे ‘ओघ’ हा शब्द होता, आणि त्या दिवशी पैशांच्या ओघापासून पावसाच्या ओघापर्यंत तो इतक्या परींनी ऐकायला मिळाला की शब्दाशी नव्याने ओळख झाली.

मग तयारीची भाषणे होतात, बहुधा दोन किंवा तीन. नव्या सभासदाच्या पहिल्या भाषणाला ‘आइस ब्रेकर’ म्हणतात. त्यात चार ते सहा मिनिटे स्वतःविषयी बोलायचे असते. चार मिनिटे झाली की वेळ मोजणारा हिरवा दिवा किंवा हिरवे कार्ड दाखवतो, पाचव्याला पिवळे, सहाव्याला तांबडे, आणि त्यानंतर आवरते घेण्यासाठी अर्ध्या मिनिटाची सवलत असते. पुढची भाषणे बहुतांशी पाच ते सात मिनिटांची असतात. अलीकडेच आमच्या क्लबमध्ये एका तरुणीने पहिले भाषण केले. वडिलांची पिठाची गिरणी, पट्ट्याचा आवाज, दळण घेऊन येणाऱ्या बायकांच्या डब्यांवर खडूने लिहिलेली नावे, एवढाच विषय होता. पहिले मिनिटभर ती खाली पाहूनच बोलत होती. पुढे ‘गहू, ज्वारी आणि बाजरी यांचा गिरणीतला आवाज वेगवेगळा येतो’ असे सांगताना तिने मान वर केली आणि नंतर एकदाही खाली पाहिले नाही. आपल्याला जे मनापासून माहीत आहे ते सांगताना माणूस स्वतःला विसरतो, हे मी त्या खोलीत अनेकदा पाहिले आहे.

भाषणांनंतर ‘टेबल टॉपिक्स’ हा भाग येतो. ऐन वेळी विषय द्यायचा आणि समोरच्याने एक ते दोन मिनिटे बोलायचे. ‘तुमच्या घरातील सर्वांत जुनी वस्तू कोणती?’, ‘एस. टी. चुकली तेव्हा काय केलेत?’ असे साधे विषय असतात. तुमच्या कामासाठी मला हा भाग सर्वांत उपयोगी वाटतो, कारण तयारीच्या आकड्यांनी तुमची अडचण होत नसून वरिष्ठांनी मध्येच विचारलेल्या प्रश्नाने होत असावी, असा माझा तर्क आहे. शेवटी प्रत्येक भाषणाचे मूल्यमापन होते आणि वेळ, भाषा, अडखळणे यांचे अहवाल वाचले जातात. सारे मिळून दीड ते दोन तास लागतात.

तुमच्या भीतीविषयी दोन शब्द. मोहनदास गांधी बॅरिस्टर होऊन परतल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात आपला पहिला खटला घेऊन उभे राहिले, तेव्हा उलटतपासणीसाठी त्यांना एकही प्रश्न सुचला नाही. ते खाली बसले, तीस रुपयांची फी परत करून दुसरा वकील करण्यास त्यांनी सांगितले आणि कोर्टातून निघून गेले. पुढे त्यांना लाखोंनी ऐकले. ही हकिगत सांगण्यामागे माझा हेतू एवढाच की, उभे राहिल्यावर डोके रिकामे होणे हे बुद्धी कमी असल्याचे लक्षण नाही, आणि तसे एकदा झाले म्हणून ते कायमचेही होत नाही.

दुसरी गोष्ट अधिक कामाची आहे. केनेथ सवित्स्की आणि थॉमस गिलोविच या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, बोलणाऱ्याला आपली घबराट समोरच्यांना जेवढी दिसते असे वाटते, तेवढी ती प्रत्यक्षात दिसत नाही. शिवाय ही गोष्ट ज्यांना भाषणापूर्वी समजावून सांगितली, त्यांची भाषणे इतरांपेक्षा चांगली झाली. तुमच्या छातीतली धडधड टेबलापलीकडे ऐकू जात नाही. कागदाची थरथर मात्र दिसते, म्हणून सुटा कागद हातात धरू नका. जाड पुठ्ठ्यावर चार मुख्य आकडे मोठ्या अक्षरांत लिहून तो टेबलावर ठेवा.

एका सभेवरून मत बनवू नका, निदान दोन वेळा जा. प्रत्येक क्लबचा स्वभाव निराळा असतो आणि पहिल्या संध्याकाळी माणूस निम्मा वेळ दाराकडे पाहत असतो.

प्रश्न : मी नाशिकला राहते. मुले मोठी झाल्यावर वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी क्लबची सभासद झाले. दुसऱ्या भाषणानंतर मूल्यमापन करणाऱ्या सद्गृहस्थांनी सर्वांसमोर सांगितले की, भाषण विस्कळीत होते, आवाज मागपर्यंत पोहोचत नव्हता आणि मी सारखी पदर सावरत होते. घरी येऊन मला रडू आले. परत जाऊ नये असे वाटते. मी फार हळवी आहे का?

उत्तर : तुम्ही हळव्या नाही. तुमच्या वाट्याला वाईट मूल्यमापन आले आणि ते वाईट का होते हे नीट समजून घेतले, तर तुम्हाला परत जाता येईल, असे मला वाटते.

अशा क्लबमध्ये मूल्यमापकाला दोन ते तीन मिनिटे मिळतात. लोक समजतात की, ही तीन मिनिटे वक्त्याचे गुण-दोष मोजण्यासाठी आहेत. माझ्या मते ती मूल्यमापकाच्याच परीक्षेची असतात, कारण त्याने कसे ऐकले हे त्यातून सर्वांना कळते. भाषण करणे पुष्कळ जण शिकतात, परंतु दुसऱ्याचे भाषण सात मिनिटे एकाग्रतेने ऐकून त्यातील एक धागा पकडायचा आणि तो वक्त्याच्या हातात असा द्यायचा की पुढच्या वेळी त्याला तो उपयोगी पडेल, हे काम फार अवघड आहे. मला ते जमू लागायला चार वर्षे लागली आणि अजूनही काही वेळा जमत नाही.

तुमच्या मूल्यमापकांच्या तिन्ही वाक्यांकडे पाहा. ‘भाषण विस्कळीत होते’ हा निव्वळ निकाल आहे. विस्कळीतपणा कोठे जाणवला, कोणत्या वाक्यापाशी ऐकणाऱ्याची वाट चुकली, हे त्यांनी सांगितले नाही. ‘तुम्ही आजीच्या औषधांविषयी सांगत होतात, तेथून एकदम बाजाराकडे वळलात, तेव्हा मी मागे राहिलो. मध्ये एखादे जोडवाक्य असते तर तुमच्याबरोबर आलो असतो’ असे ते म्हणाले असते, तर तुम्हाला घरी जाऊन काय करायचे हे कळले असते. आजी आणि बाजार हे माझ्या कल्पनेतले आहेत, परंतु फरक तुमच्या ध्यानात येईल. पहिले वाक्य तुमच्याविषयी बोलते. दुसरे ऐकणाऱ्याला काय झाले ते सांगते, आणि ऐकणाऱ्याला तेवढेच सांगण्याचा अधिकार आहे.

पदराचा उल्लेख सर्वांसमोर करायला नको होता. हाताच्या हालचालीने लक्ष विचलित होत असेल, तर ते लिखित अभिप्रायात किंवा चहाच्या वेळी बाजूला घेऊन सांगावे. तोंडी अभिप्रायाबरोबर लेखी अभिप्राय देण्याची सोय अशाच गोष्टींसाठी वापरली पाहिजे. या संस्थेत १९७३ पर्यंत स्त्रियांना सभासदत्वच नव्हते. आता क्लबमध्ये स्त्रिया मोठ्या संख्येने दिसतात, तरी एखाद्या स्त्री-वक्त्याच्या वेषावरून, आवाजाच्या पट्टीवरून, पदरावरून शेरा मारण्याची सवय काही ठिकाणी उरली आहे. तुमच्या क्लबमध्ये शिक्षणाची जबाबदारी असलेले उपाध्यक्ष असतील. त्यांच्याशी शांतपणे याविषयी बोला. ही तक्रार करणे योग्यच आहे आणि तुमच्यानंतर येणाऱ्या स्त्रीचे त्याने भले होईल.

राहिला आवाज. येथे मात्र त्या गृहस्थांच्या म्हणण्यात तथ्य असू शकते. मराठी बोलणाऱ्याची एक खास अडचण आहे, तिचा विचार करा. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि नकार तर त्याच्याही शेवटाला येतो. ‘मी ही अट मान्य करत नाही’ या वाक्याचा सारा अर्थ अखेरच्या शब्दावर उभा आहे. आपण दमलो, घाबरलो किंवा घाईत असलो की वाक्याच्या शेवटी श्वास संपतो, आवाज खाली जातो, आणि मागच्या रांगेला ‘मी ही अट मान्य’ एवढेच ऐकू येते. अशा वेळी वक्ता मोठ्याने बोलत असूनही ‘ऐकू आले नाही’ अशी तक्रार होते. त्यावर उपाय ओरडणे हा नव्हे. घरी वर्तमानपत्रातील एक परिच्छेद उभे राहून वाचा आणि प्रत्येक वाक्याचे शेवटचे दोन शब्द पहिल्या दोन शब्दांइतकेच स्पष्ट येतात का, हे घरातल्या कोणालातरी दुसऱ्या खोलीत बसवून तपासा. श्वास पुरत नसेल तर वाक्य लहान करा. पंधरा दिवसांत फरक दिसेल.

आणि पुढच्या भाषणापूर्वी मूल्यमापकाशी आधी बोलून घ्या. ‘या वेळी मी वाक्याच्या शेवटाकडे लक्ष देणार आहे, तेवढे पाहून सांगा’ असे तुम्ही त्यांना आधी सांगू शकता. बहुतेक सभासदांना हा आपला हक्क आहे हेच ठाऊक नसते.

जाता जाता मूल्यमापन करणाऱ्या वाचकांनाही एक विनंती. आधी स्तुती, मध्ये दोष, शेवटी पुन्हा स्तुती अशी ठरीव रचना बऱ्याच क्लबमध्ये शिकवली जाते. तिचा आरंभीचा हेतू चांगला असेल, परंतु ती इतकी ओळखीची झाली आहे की, स्तुती ऐकताना वक्ता ‘आता कधी येणार?’ म्हणून अंग आकसून बसतो आणि स्तुती त्याच्या कानावर पडूनही पोहोचत नाही. जे खरोखर आवडले ते कोणत्या शब्दात, कोणत्या क्षणी आवडले हे सांगा. नसेल आवडले, तर शोधून आणलेली स्तुती करू नका.

प्रश्न : मी छत्रपती संभाजीनगरला अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकतो. क्लबमध्ये माझ्या सहा मिनिटांच्या भाषणात एकवीस वेळा ‘अं’ आणि अकरा वेळा ‘म्हणजे’ आले असे जाहीर झाले. तेव्हापासून तोंड उघडले की मी स्वतःच मोजू लागतो आणि अधिकच अडखळतो. काय करावे?

उत्तर : मोजणे दुसऱ्याकडे राहू द्या, ते तुमचे काम नाही. बोलताना मनाला दोन कामे दिली की दोन्ही बिघडतात.

या ‘अं’विषयी आपल्या क्लबमध्ये जरा अतिरेकी कडकपणा आहे असे माझे मत आहे. हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री या भाषाभ्यासकांनी २००२ मध्ये इंग्रजी बोलण्याचा अभ्यास करून असे मांडले की, असे उद्गार म्हणजे निव्वळ कचरा नाही. ‘थोडे थांबा, पुढचा शब्द येतो आहे’ असा निरोप बोलणारा त्यांतून ऐकणाऱ्याला देत असतो, लहान थांब्यासाठी एक उद्गार आणि लांब थांब्यासाठी दुसरा. माझ्या कानांना मराठीतही हेच जाणवते. गप्पांत आपण ‘अं’ ऐकतच नाही, कारण तेथे त्याचे काम असते. भाषणात ते खटकते, कारण तेथे थांबण्याची परवानगी श्रोत्यांनी आधीच दिलेली असते आणि ती पुन्हा मागण्याची गरज नसते.

म्हणून ‘अं’ काढून टाकण्याऐवजी थांबायला शिका. मुद्दा संपला की तोंड मिटा, नाकाने श्वास घ्या, मग पुढचे वाक्य सुरू करा. सुरुवातीला हे दोन सेकंद तुम्हाला फार लांब वाटतील. भाषणाचे ध्वनिमुद्रण ऐकाल तेव्हा ते थांबे तुमच्या लक्षातही येणार नाहीत.

‘म्हणजे’चे प्रकरण निराळे आहे. आधीचे वाक्य नीट बसले नाही असे वाटून आपण ते दुरुस्त करायला जातो, तेव्हा ‘म्हणजे’ येते. तुमची अकरा ‘म्हणजे’ हे अकरा वेळा वाक्य अर्धवट विचाराने सुरू केल्याचे चिन्ह आहे. भाषणाच्या आदल्या दिवशी प्रत्येक मुद्दा एका पूर्ण वाक्यात, क्रियापदासकट, लिहून काढा. बरीचशी ‘म्हणजे’ त्या कागदावरच राहतील.

प्रश्न : मी रत्नागिरीचा. शाळा-महाविद्यालयात वक्तृत्व स्पर्धांत कपाटभर चषक मिळवले. आता क्लबमध्ये मात्र ‘पाठ केल्यासारखे वाटते’ असा शेरा प्रत्येक वेळी मिळतो. शाळेत ज्याचे कौतुक झाले तोच आता दोष कसा?

उत्तर : तुमची मेहनत वाया गेली नाही. न घाबरता उभे राहणे, शब्द स्वच्छ उच्चारणे, आवाज खोलीभर पोचवणे या गोष्टी तुम्हाला लहानपणीच मिळाल्या आहेत, आणि इतरांना त्या मिळवायला इथे वर्षे लागतात.

परंतु शाळेतील स्पर्धेचा साचा आठवून पाहा. ‘व्यासपीठावर विराजमान अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो, आज मी तुम्हाला जे दोन शब्द सांगणार आहे, ते तुम्ही शांत चित्ताने ऐकून घ्यावेत ही नम्र विनंती.’ हे वाक्य महाराष्ट्रातील किती पिढ्यांनी म्हटले असेल! ते भाषण बहुधा शिक्षकांनी किंवा पालकांनी लिहिलेले असे, हाताचे आविर्भाव ठरलेले असत, आणि दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडी पन्नाशीच्या माणसाची भाषा असे. परीक्षक पाठांतराला आणि आवेशाला गुण देत. क्लबमधले श्रोते तुमच्याशी बोलणे व्हावे म्हणून बसलेले असतात. तुमच्या चषकांविषयी त्यांना काही माहीत नसते.

तुम्हाला दोन गोष्टी सुचवते. पहिले आणि शेवटचे वाक्य पाठ करा, मधले सारे केवळ मुद्द्यांवर ठेवा, म्हणजे तुमची स्मरणशक्ती कामी येईल आणि मध्ये विचार करायला जागाही राहील. दुसरे, भाषणाचा विषय घरी कोणालातरी जेवताना सांगा. जेवताना तुम्ही जे शब्द वापराल, तेच शब्द व्यासपीठावर न्या. ‘विराजमान’ तुम्ही जेवताना वापरणार नाही. शिवाजीराव भोसले यांची व्याख्याने ज्यांनी ऐकली आहेत त्यांना आठवत असेल की, भाषा कितीही भारदस्त असली तरी ती त्या क्षणी विचारातून निघते आहे असे ऐकणाऱ्याला वाटत राही. पाठांतर आणि चिंतन यांतला हा फरक आहे.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका गावचा सेवानिवृत्त शिक्षक आहे. शहरातील हे क्लब बहुधा इंग्रजीत चालतात असे ऐकतो. आमच्या वाचनालयात मराठीतून असे काही सुरू करता येईल का? आपल्याकडे याची काही परंपरा आहे की हे सारे बाहेरचेच?

उत्तर : तुमचे पत्र वाचून मला फार आनंद झाला. इंग्रजी ही या क्लबांची अट नाही. जगभर निरनिराळ्या भाषांत ते चालतात आणि मराठीतून सभा घेणारे क्लबही आहेत. मोठ्या शहरांत नोकरीच्या गरजेमुळे लोक इंग्रजीकडे वळतात, हे खरे आहे. त्यांना मी दोष देत नाही. पण ग्रामसभेत, सोसायटीच्या वार्षिक बैठकीत, बचत गटात, लग्नाच्या बोलणीत माणसाला मराठीतच बोलायचे असते आणि तेथे आपले म्हणणे मांडता न आल्याने होणारे नुकसान लहान नसते. पाण्याच्या पाळीवरून भरलेल्या बैठकीत ज्याला दोन मिनिटे सरळ बोलता येत नाही, त्याचे शेत खरोखर कोरडे राहते.

परंपरेचे म्हणाल, तर १८४८ मध्ये मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी आपल्या प्राध्यापकांच्या पाठिंब्याने एक सभा स्थापली आणि तिच्या मराठी व गुजराती अशा ज्ञानप्रसारक शाखा काढल्या. तेथे तरुण मंडळी स्वतः निबंध लिहून एकमेकांसमोर वाचत आणि त्यांवर चर्चा करीत. बरोबरीच्या माणसांसमोर उभे राहून बोलण्याचा हा अभ्यास सांता आनाच्या पाऊणशे वर्षे आधीचा आहे. पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ती आजही एप्रिल-मे महिन्यांत भरते आणि ती चालवणाऱ्या संस्थेचे नावच वक्तृत्वोत्तेजक सभा असे आहे. पुढे गावोगावी व्याख्यानमाला निघाल्या. फरक इतकाच की, व्याख्यानमालेत एक बोलतो आणि शेकडो ऐकतात. बोलायला शिकण्यासाठी ऐकणाऱ्यांचीही पाळी यावी लागते, आणि ती सोय व्याख्यानमालेत होत नाही. ज्ञानप्रसारक सभेत ती होती. तुमच्या वाचनालयात ती पुन्हा होऊ शकेल.

आंतरराष्ट्रीय संस्थेशी जोडून घ्यायचे असेल तर नव्या क्लबसाठी साधारण वीस सभासद, वर्गणी आणि नोंदणी लागते, आणि सभासदाचे वय अठरा पूर्ण असावे लागते. माझा सल्ला असा की, पहिले सहा महिने कशालाही जोडून न घेता सुरू करा, म्हणजे दहावी-बारावीची मुलेही येऊ शकतील. बारा माणसे पुरेत. त्यांत निदान चार स्त्रिया आरंभापासून असाव्यात. नंतर बोलावलेल्या स्त्रिया पाहुण्यासारख्या बसतात. पंधरा दिवसांतून एक वार आणि वेळ ठरवा आणि ती पोळा, लग्नसराई, सुगी यांचा विचार करूनच ठरवा, कारण पहिल्या दोन सभा बुडाल्या की तिसरी भरत नाही.

सभा सव्वा तासाच्या वर नेऊ नका. दोन तयारीची भाषणे, चार-पाच ऐन वेळचे विषय आणि दोन मूल्यमापने एवढे पुष्कळ होते. दिव्यांसाठी खर्च करायला नको. हिरवा, पिवळा आणि तांबडा असे तीन पुठ्ठे आणि एक मोबाइलचे घड्याळ पुरेल. खुर्च्या रांगेत न लावता अर्धवर्तुळात लावा. राजकीय पक्ष आणि गावातील भाऊबंदकी हे विषय पहिल्या वर्षी बाहेर ठेवा. बाकी काहीही चालू द्या. ऐन वेळचे विषय गावातलेच घ्या : पाराखाली बसणाऱ्यांनी पाहिलेले गाव, बंद पडलेला आठवड्याचा बाजार, शाळेतली पहिली छडी, विहिरीतला पोहायचा पहिला दिवस.

आणि तुम्ही स्वतः निवृत्त शिक्षक आहात म्हणून एक गोष्ट मोकळेपणाने सांगते. गावात तुमचे विद्यार्थी असतील आणि तेच सभेला येतील. तुम्ही मूल्यमापन करायला उभे राहिलात की ते पुन्हा वर्गात जाऊन बसतील. म्हणून पहिल्या चार-सहा सभांत मूल्यमापन तुम्ही करू नका. तुमच्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याला तुमच्या भाषणाचे मूल्यमापन करायला सांगा, सर्वांसमोर, तीन मिनिटे, आणि तो बोलत असताना वही घेऊन लिहून घ्या.

वेळ मोजण्याचे काम पहिल्या दिवशी सर्वांत अबोल माणसाकडे द्या. त्याला शेवटी उभे राहून फक्त ‘पहिले भाषण सहा मिनिटे दहा सेकंद, दुसरे पाच मिनिटे चाळीस सेकंद’ एवढे वाचायचे असते. आमच्या क्लबमध्ये मला पहिले तीन महिने हेच काम होते. चौथ्या महिन्यात मी आइस ब्रेकरसाठी नाव दिले.